अर्पणात दिलेला मोबाईल

शहापूरच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि माझी मुलगी त्या दुकानाची पायरी चढत नाही. तीन वर्षं होत आली. ती मुरबाडला तिच्या मावशीकडे राहते आणि तिथल्या एका दुकानात हेच काम करते, मोबाईल दुरुस्तीचं. लोक सांगतात, माझ्यापेक्षा बरं करते. लोकांना सांगायला काय जातं, पण ते खरं आहे. हे सगळं कसं झालं ते लिहून काढतोय, कारण तोंडी सांगायला बसलो की मी हळूच माझी बाजू घ्यायला लागतो. ती खोड जुनी आहे.

आमचं घर ख्रिस्ती. शहापूर, सापगाव, खर्डी मिळून आमची मंडळी जेमतेम तीस घरांची. रविवारी एका पत्र्याच्या हॉलमध्ये उपासना होते. त्या तीस घरांत मोबाईलचा जाणकार मी एकटा. कोणाचा टच गेला, कोणाच्या फोनमध्ये पाणी गेलं, सगळे माझ्याकडे. उपासना सुटल्यावर लोक पास्टरांना सलाम करायचे आणि मग माझ्यासमोर फोन धरायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

आणि दुरुस्तीवाल्याला काय काय दिसतं ते कोणाला ठाऊक नसतं. आई-बाप कौतुकाने फोन आणून द्यायचे, "पोराचा हाय, पॅटर्न इसरला." मी लॉक काढला की आत काय असायचं ते मी इथे लिहिणार नाही. सातवी-आठवीची पोरं. दोन वेळा मी बापाला बाजूला घेऊन सांगितलं. एक रडला, दुसरा म्हणाला, "तुमी फोन दुरुस्त करा, आमचं घर नको." तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की आपल्या घरात हे येऊ द्यायचं नाही. आजही माझं मत तेच आहे. मत चुकलं नव्हतं. माणूस चुकला.

एका रविवारी मी मंडळीपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, बारावीची परीक्षा होईपर्यंत मुलांच्या हातात टचचा फोन द्यायचा नाही, असं आपण आई-बापांनी प्रभूसमोर वचन द्यावं. बोलायला लागलो तसा मी चढत गेलो. आवाज भरून आला. पाच घरं पुढे आली. पास्टरांनी आमच्यासाठी प्रार्थना केली, एका कागदावर पाचही घरांच्या सह्या झाल्या आणि तो कागद हॉलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. पहिली सही माझी. ती इतकी मोठी होती की खालच्यांना जागा कमी पडली.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. एकुलती एक. शाळा सुटली की ती दुकानात यायची. घरी जायच्या आधी तासभर माझ्या मागच्या स्टुलावर. तिला अभ्यासापेक्षा स्क्रू आवडायचे. साखरेच्या दाण्याएवढे स्क्रू असतात, ते ती झाकणांमध्ये वेगवेगळे लावून ठेवायची आणि कोणता कुठला ते विसरायची नाही. मी विसरायचो. "बाय, हा कुठला गो?" म्हणून विचारायचो, आणि ती न बघता सांगायची. कधी ब्रशने बोर्ड साफ करून द्यायची. सोल्डर गन मागितली की मात्र मी म्हणायचो, "हात भाजंल. हे पोरींचं काम नाय." दुकानाच्या कोपऱ्यात भंगाराचा एक डबा होता, बिस्किटांचा पत्र्याचा. ज्या फोनमधून काही निघण्यासारखं नाही त्याच्या आतल्या बोर्डवर मी पांढरी पट्टी चिकटवायचो, मार्करने "डेड" लिहायचो आणि त्यात टाकायचो. तो डबा चाळत ती बसायची. मला वाटायचं, खेळतेय.

तिला मी बटणांचा फोन घेऊन दिला होता. अकरावीला गेली तेव्हा वर्गातल्या सगळ्या सूचना ग्रुपवर यायला लागल्या आणि त्या ग्रुपमध्ये माझा नंबर होता. म्हणजे पोरीच्या कॉलेजचं वेळापत्रक, नोट्स, सुट्टी सगळं माझ्या खिशात, आणि मी गिऱ्हाइकांच्या गडबडीत. दोनदा ती सुट्टीच्या दिवशी कॉलेजला जाऊन परत आली. एकदा प्रॅक्टिकल सकाळचं होतं आणि ती दुपारी पोचली. घरी येऊन तिने एवढंच विचारलं, "पप्पा, मेसेज बघितला नव्हता का?" मी म्हणालो, "आमच्या टायमाला मेसेज नव्हते, तरी शिकलो ना आमी." शिकलो कसला, दहावीत गटांगळी खाऊन दुकानाला लागलो होतो. तिला ते माहीत होतं.

आणि बाकीची चार घरं? वर्षभरात एकेक करून सगळी गळली. कोणी सांगितलं नाही, पण मला कळायचं, कारण ही मंडळी माझ्याकडे यायची बंद झाली. स्क्रीनगार्ड लावायला शहापूरचा माणूस मुरबाडला कशाला जाईल? ते जायचे. तरुणांच्या सभेत त्यांची पोरं फोन मोज्यात घालून यायची. एका घरात मामाने दिला होता, एका घरात अभ्यासासाठी, एका घरात म्हणे मुलगा एकटा खर्डीहून येतो म्हणून काळजीपोटी. कागद दारावर तसाच होता. मला राग यायला हवा होता, आणि आला तो गर्व. चार घरं पडली, एक उभं आहे, आणि ते माझं. पास्टरांनी एकदा उपदेश करताना पुलपीटवरून आमच्या घराचं नाव घेतलं, तेव्हा मी खाली मान घालून बसलो होतो. मान खाली होती तेवढीच.

मग बायकोला तो फोन सापडला. मुलीच्या जुन्या फ्रॉकांच्या गाठोड्यात, रुमालात गुंडाळलेला. काळा, टचचा, एका बाजूचा कोपरा जरा वेगळ्या रंगाचा. बायकोने तो माझ्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाली, "आधी शांतपणे इचारा तिला." मी शांतपणे विचारायचं ठरवलं होतं. मुलगी घरात आली, फोन माझ्या हातात बघितला, आणि मला आजही आठवतंय की ती घाबरली नाही. तिचा चेहरा उजळला. मी त्याला निलाजरेपणा समजलो.

"कोणी दिला?"

"कोणी नाय. मी बनवला."

"कोणी दिला ते सांग."

"पप्पा, खरंच. डब्यातला हाय. तुमाला दाखवणारच होते. आजून चार्जिंग नीट होत नाय म्हणून—"

"फोन काय घरी बनवतात? भाकरी हाय का ती?" मी ओरडलो. "सिम कुठे लपवलंस?"

"सिम नायच हाय त्यात."

सिम नव्हतंच. मी जागा उघडून बघितली होती. माझ्या हिशेबी तीही तिची हुशारीच होती. मी तिसऱ्यांदा विचारलं, कोण पोरगा आहे. ती म्हणाली, "मागचं झाकण उघडून बघा ना, तुमाला कळंल." आणि मी तिच्या थोबाडीत दिली. बायको मध्ये पडली म्हणून दुसरी बसली नाही.

वीस वर्षं मी फोन उघडतोय. अनोळखी माणसाचा फोन हातात आला की आधी माझा अंगठा मागच्या झाकणाची फट शोधतो. गिऱ्हाईक काही का सांगेना, आधी उघडायचं, मग बोलायचं, हे मी माझ्याकडे काम शिकणाऱ्यांना सांगत आलो. आणि स्वतःच्या पोरीने उघडा म्हटलं तेव्हा उघडला नाही. मला उघडायचाच नव्हता. माझी गोष्ट माझ्या डोक्यात तयार झाली होती, तीत एक पोरगा होता, एक पाप होतं आणि एक दुखावलेला बाप होता, आणि त्या बापाचं काम मला फार चांगलं जमत होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन मी दोन बटणं दाबली आणि फोनमधलं सगळं पुसून टाकलं. न बघता. आत काय आहे ते बघायचीही मला किळस आहे, असं मी बायकोला सांगितलं. काय होतं त्यात, ते आता मला कधीच कळणार नाही.

तो आठवडा उपकारस्तुतीच्या सणाचा होता. भातं कापून झाली की आमच्याकडे हा सण असतो. ज्याच्याकडे जे पिकलं ते तो आणतो. टेबलावर नवे तांदूळ, दुधी, काकड्या, केळ्यांचा घड, पाय बांधलेली कोंबडी. प्रार्थना झाली की त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. मजेचा प्रकार असतो. दुधी घेणारा तोच दुधी परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते, एकच दुधी तीन घरं फिरून येतो.

लिलावाच्या आधी साक्षी असतात. ज्याला प्रभूने काही शिकवलं तो उभा राहून सांगतो. कोणी आजारातून उठलेलं असतं, कोणाची दारू सुटलेली असते. माणूस स्वतःबद्दल बोलतो, ही साक्षीची रीत. मी उभा राहिलो आणि माझ्या मुलीबद्दल बोललो. माझ्या घरात सैतान कसा शिरला, मी कसा वचनाला जागलो, पोटच्या पोरीने कसं तोंडावर खोटं सांगितलं, सगळं. "मी बनवला" हे तिचं वाक्य मी तिच्या आवाजाची नक्कल करून सांगितलं. लोक हसले. मोज्यात फोन असलेली पोरंही हसली. मग मी तिला हाक मारली आणि म्हणालो, तो फोन अर्पण कर.

ती उठली. सतरा वर्षांची पोर, नवीन पंजाबी ड्रेस, सणाचा. हॉलच्या मागून पुढपर्यंत चालत आली आणि तो फोन टेबलावर ठेवला, काकड्या आणि कोंबडीच्या मध्ये. ठेवताना तिने स्क्रीन वरच्या बाजूला केली. स्क्रीनला ओरखडा जाऊ नये म्हणून आम्ही कामवाले ठेवतो तशी. ते मी बघितलं. बघूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. पास्टर म्हणाले, आमेन. सगळे म्हणाले, आमेन.

आणि मग लिलाव सुरू झाला. फोनवर बोली लागली तेव्हा दोघेतिघे चेष्टेत बोलले आणि शेवटी तो घेतला सापगावच्या गृहस्थाने. पाचांतली तिसरी सही त्याचीच. दुधी परत टेबलावर आला, कोंबडी परत आली. फोन परत आला नाही. त्याने तो खिशात घातला आणि उपासना सुटल्यावर बाहेर चिंचेखाली धाकट्या मुलाला दिला. माझ्या मुलीने ते बघितलं. मीही बघितलं. मी म्हटलं, ज्याचं त्याच्यापाशी.

त्यानंतर ती दुकानात आली नाही. रुसली नाही, भांडली नाही, जेवली नाही असंही झालं नाही. विचारलं तर उत्तर द्यायची. रविवारी हॉलमध्ये यायची, मागे बसायची, गीत सुरू झालं की पुस्तक उघडून धरायची आणि तोंड मिटून ठेवायची. पूर्वी गाताना आमच्या घरच्यांत तिचाच आवाज वरचा असायचा. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी, वचन पाळणारा मोठा माणूस, नवा कोरा फोन खोक्यासकट तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, "आगं, आता चालतो. वचन संपलं." ती म्हणाली, "तुमचं संपलं ना. मग ठीक हाय." खोका अजून कपाटात आहे, वरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. महिन्याभरात ती मावशीकडे मुरबाडला गेली. काम शिकते म्हणून तिने आईला सांगितलं. कसलं काम ते मला बायकोने पुष्कळ दिवस सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सापगावचा तो गृहस्थ दुकानात आला. त्या सणाच्या दिवसाचं त्याच्या मनाला काही लागलेलं नव्हतं. काउंटरवर तो काळा फोन ठेवला आणि म्हणाला, "लय चालला वो ब्रदर. आता चार्जिंग घेत नाय. बघा जरा."

माझ्या अंगठ्याने फट शोधली. झाकण निघालं.

आत तीन फोन होते. बोर्ड एकाचा, डिस्प्ले दुसऱ्याचा, बॅटरी तिसऱ्याची. बॅटरी मूळ जागेत बसत नव्हती म्हणून आतलं प्लास्टिक ब्लेडने कोरलं होतं, इतक्या सावकाश की कड कुठे तुटलेली नाही. एका ठिकाणी बोर्डवरचा करंट जायचा रस्ता जळालेला होता, तिथे केसाएवढी तार टाकून तो जोडला होता. सोल्डर गन मी तिच्या हाती कधी दिली नव्हती; मी चहाला गेलो की उचलत असणार. ती तार टाकायला माझा हात अजून थरथरतो. अशी दोन कामं मी आजवर कल्याणला पाठवली आहेत. आणि बॅटरीच्या खाली, बोर्डाच्या लोखंडी पत्र्यावर, पांढरी पट्टी. त्यावर मार्करने "डेड". अक्षर माझं.

पट्टी तिने काढली नव्हती. मला दाखवताना दिसावी म्हणून ठेवली असणार. पप्पा, तुमी मेला म्हणून फेकला तो मी उठवला, असंच काहीतरी तिला म्हणायचं असणार. मागचं झाकण उघडून बघा ना, तुमाला कळंल.

गिऱ्हाईक समोर उभा होता म्हणून मी रडलो नाही, एवढंच. त्याला मी डब्यातला नव्हे, शोकेसमधला फोन दिला आणि हा ठेवून घेतला. तो खूश होऊन गेला. घरी येऊन बायकोसमोर उघडा फोन धरला. तिने चष्मा लावून पट्टी वाचली आणि म्हणाली, "ती बोलली व्हती ना. तेव्हाच बोलली व्हती." आणि पोळ्या लाटायला लागली.

त्या रविवारी मी साक्षीसाठी हात वर केला. मला हे सगळं त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांपुढे सांगायचं होतं. पास्टरांना आधी थोडं सांगितलं होतं. ते म्हणाले, "आज टाइम कमी हाय, ब्रदर. आणि झालं ते झालं. कसाही असला तरी फोन तिच्याकडे व्हताच ना?" पुढच्या रविवारी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी गीतं जास्त झाली. पोरीची अब्रू घ्यायला मंडळीकडे अर्धा तास होता, परत द्यायला पाच मिनिटं निघेनात. पण मंडळीला किती बोल लावू? मी मध्येच उभा राहून बोलू शकलो असतो. त्या दिवशी नव्हतो का उठलो न विचारता? दारावरचा कागद मात्र मी फाडून आणला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

चार्जिंगचा जॅक बदलायला मला दहा मिनिटं लागली असती. बदलला नाही. तो फोन तसाच रुमालात गुंडाळला, दुकान बंद ठेवलं आणि किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीने मुरबाडला गेलो. वाटेत काय बोलायचं ते जमवत होतो. सरळगाव येईपर्यंत सगळं पाठ झालं होतं.

स्टँडपासून जवळच तिचं दुकान. काचेच्या मागे बसली होती, डोक्यावर भिंग लावून, समोर स्क्रूंची झाकणं. एक म्हातारा गिऱ्हाईक तिला सांगत होता, "बॅटरीच गेलीय, बॅटरीच टाक." ती हो हो म्हणत होती आणि हात झाकण उघडत होते. माझा नंबर आला. मी फोन काचेवर ठेवला. तिने आधी फोन बघितला, मग मला. भिंग वर केलं.

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, "चार्जिंग घेत नाय." मग म्हणालो, "बाय, मी उघडला आता. तूच बनवलेलास. तू खरं बोललीस आणि मी तुला सगळ्यांसमोर खोटी पाडली. माझं चुकलं गो."

मागे गिऱ्हाइकं उभी होती. दुकानाचा मालक वर बघायला लागला. माझ्या मुलीने फोन उचलला, कोपऱ्यावरून बोट फिरवलं, आणि पांढऱ्या पट्टीचा एक तुकडा तोडून त्यावर लिहिलं, "शहापूर. चार्जिंग." बाकीच्या फोनांवर नावं होती. मी वाचत होतो ते तिला दिसलं.

"नीट हुईल का?" मी विचारलं. मला काय विचारायचं होतं ते तिला कळलं असणार. ती हुशार आहे, पहिल्यापासून.

तिने भिंग डोळ्यांवर ओढलं. "आधी उघडून बघते," ती म्हणाली. "न उघडता मी कोणाला काय सांगत नाय. बसा तिकडं. टाइम लागंल."

मी गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर जाऊन बसलो.